बैंजनी माझी होती

६ जानेवारी, मंगळवार
प्रशांतचं प्लास्टर निघालं. दिवाळीच्या माळा उतरवताना गच्चीच्या जिन्यावरून पडला, तेव्हापासून घरीच. डॉक्टर म्हणाले, सोमवारपासून सिलतऱ्याच्या प्लांटवर ड्यूटी. (तोंडावर तुम्ही म्हणते, इथे एकेरी लिहिते. डायरी माझी आहे.)

मले वाटलं, चला, दुपार वापस मिळाली. लॅबमधून दोनले येते, रक्ताच्या नळ्या अन् रडणारी पोट्टी सोडून. इराची शाळा सुटायले वेळ असतो. तीन ते चार 'झिलमिल वन'. पाच हरिणींचं कार्टून. सहा-सात वर्षांच्या पोट्टींसाठी आहे, मले माहीत आहे. इरासाठीच लावलं होतं पहिल्यांदा, पाच वर्षं झाली. ती आता बारा वर्षांची, तिनं केव्हाच सोडलं. मी नाही सोडलं.

आधी प्र. चिडवायचा. 'काय पोट्टींचं पाहून राहिली तू या वयात?' प्लास्टरमध्ये पडल्या पडल्या तोच अडकला. तिसरा सीझन तर मी लॅबमध्ये असताना एकट्यानंच पाहून टाकला. मले राग आला होता, बोलली नाही.

आज विचारतो, 'ही बैंजनी बोलत काहून नाही गं?' बैंजनी म्हणजे जांभळी हरीण, पाचांतली धाकटी. मी सांगितलं, ती घाबरट नाही. ती ऐकते. जिले लहानपणापासून चूप चूप म्हटलं, तिले ऐकायची सवय लागते, अन् मग जंगलात पहिल्यांदा धोका तिलेच कळतो. प्र.नं टीव्हीचा आवाज कमी केला. 'हे मले सुचलंच नसतं.'

इतकं बरं वाटलं की भाजी खारट झाली.

११ जानेवारी, रविवार
प्र.नं व्हिडिओ बनवला. गच्चीवर उभा राहून, प्लांटचं पिवळं हेल्मेट घालून, मिशा नीट करून. 'मैं सिलतरा में भट्ठी पे काम करता हूँ, और मेरी फेवरेट बैंजनी है.' मग पुढे: 'लोग समझते हैं वो डरपोक है. नहीं. वो सुनती है. जिसको बचपन से चुप कराया हो…'

माझं. शब्द न् शब्द माझा, फक्त हिंदीत.

शेवटी म्हणाला, 'ये अपनी सोच है.' अपनी.

संध्याकाळपर्यंत फोन वाजून वाजून गरम. इरा नाचून राहिली, 'पापा, आप तो वायरल हो गए! सो क्यूट!' हीच इरा मागच्या वाढदिवसाले मले म्हणाली होती, 'मम्मी, मेरी फ्रेंड्स के सामने वो हिरण वाला मत लगाना, प्लीज़.'

प्र.ले म्हटलं, 'छान झाला.' आणखी काय म्हणू.

१७ जाने., शनि.
आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यातच, हळदीकुंकू. सगळ्या मराठी बायकांनी व्हिडिओ पाहिलाय. 'किती गोड गं तुझा नवरा! आमचे तर क्रिकेटशिवाय रिमोट सोडत नाहीत.' 'एवढा भट्टीवरचा माणूस, अन् मन बघ!' एकीनं तर डोळे पुसले.

मी म्हटलं, 'मी पाहते पाच वर्षांपासून.'

'अगं, आपल्याला पाहावंच लागतं ना, मुलींसाठी.' तिनं मले वाण दिलं. प्लास्टिकचा डबा. गुलाबी.

मुलीसाठी नाही पाहत मी. हे तिथं बोलता आलं नाही. बोलली असती तर काय झालं असतं? मागून म्हटलं असतं, तिले खूळ लागलंय. प्र.नं केलं तर त्याले म्हणतात हिंमत.

२० जाने., मंगळ.
लॅबमध्ये चार वर्षांची पोट्टी, हात देईना. मी झिलमिलचं गाणं गुणगुणलं. तिनं वर पाहिलं, 'आंटी, आप केसर हो?' केसर, म्हणजे पाचांतली गाणारी हरीण. सुई टोचलेली कळलीपण नाही तिले. रोजचंच आहे हे माझं. घरी येऊन सांगणार होती, तर प्र. कोण्या चॅनेलच्या माणसाशी फोनवर.

२५ जाने., रविवार
तेलीबांधा तलावाजवळच्या कॅफेत 'झिलमिल टोली'ची मीट. रायपूरचे मोठे मोठे लोक, म्हणजे वयानं मोठे, जे हे कार्टून पाहतात. विक्की म्हणून एकजण चालवतो ग्रुप, कंप्यूटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. पंधरा-सोळा पोरं असतील. दाढीवाली, जिमवाली, बॅगेले हरिणी लटकवलेल्या. प्र. आत गेला तर सगळे उभे राहिले.

मी बाजूच्या खुर्चीवर. एकानं मले विचारलं, 'भाभी, आपको अजीब नहीं लगता? भैया ये सब देखते हैं?' मी म्हटलं, 'नहीं.' तो प्र.ले म्हणाला, 'भैया, लकी हो आप.'

मग प्रश्नोत्तरं. विक्कीनं विचारलं, पहिल्या सीझनमध्ये बैंजनीची घंटी कोणत्या भागात हरवते? कोणालेच येईना. प्र. डोकं खाजवून राहिला. मी म्हटलं, 'हरवत नाही. ती नीलू हरिणीले देते. सातवा भाग.'

टाळ्या. अन् विक्की हसून, 'वाह भैया! भाभी को भी सिखा दिया आपने!'

प्र. हसला. नाही नाही, मीच हिच्याकडून शिकलो, एवढं म्हणायले किती वेळ लागतो? हसला अन् समोशाचा तुकडा मोडला.

गायत्री नावाची पोरगी होती कोपऱ्यात. बीरगांवची, उरला भागातल्या कारखान्यात पॅकिंगले जाते. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ आली. 'आंटी, आप कब से देख रही हो?' दुपारभरात तेवढं एकीनं विचारलं. सांगितलं. बैंजनीचं पण सांगितलं, ऐकण्याचं. तिनं हातातला समोसा खाली ठेवला. 'ये तो भैया के वीडियो में… आपका था न?' मी पाण्याचा ग्लास उचलला. 'हव,' ती म्हणाली, 'मैं समझ गई थी.'

तिले विचारलं, तू व्हिडिओ नाही बनवत? 'बनाई थी आंटी. लड़की देखती है तो इसमें क्या खास बात. उन्नीस लोगों ने देखा, उसमें आधे मेरे घर के.'

गाडीवर मागे बसून आली. प्र. गाणं म्हणत होता, तेच गाणं. मले धक्का देऊन त्याले गाडीवरून पाडावंसं वाटलं. लिहिलं. खोडत नाही.

२८ जाने.
आज तीन वाजता टीव्ही लावला नाही.

३० जाने., शुक्र.
एका शाळेनं प्र.ले बोलावलंय. मुलांसमोर बोलायचं, मुलांची खेळणी अन् मुलींची खेळणी असं काही नसते वगैरे. प्र. खूश पण घाबरलेला. सकाळी डबा भरताना मले म्हणतो, 'थोडं लिहून देशील का? तुले सुचते.'

दिलं लिहून. दुपारभर बसून दोन पानं. काहून लिहिलं? सुचत गेलं म्हणून. अन् वाटलं, निदान हे तरी विचारेल, तू येशील का, तू बोलशील का. त्यानं वाचलं. 'मस्त. थोडं माझ्या भाषेत करून घेतो.' घडी केली, खिशात टाकली.

तो आंघोळीले गेला तेव्हा मी त्याचा व्हिडिओ नागपूरले भाऊजींले पाठवला. भासरे माझे, प्र.चे दादा. खाली लिहिलं, 'पाहा तुमच्या भावाचे प्रताप. लोक हसून राहिले.'

दादा कसे आहेत, मले माहीत आहे. माहीत होतं म्हणूनच पाठवला.

१ फेब्रु., रविवार
दादांचा फोन. प्र.नं सवयीनं स्पीकरवर ठेवला, हात पिठात होते. आज पुऱ्या त्यानं लाटायले घेतल्या होत्या.

'पुन्हा सुरू झालं का तुझं?'

प्र.ले कळलं नाही. 'काय दादा?'

'बायकीपणा. पोट्टींचे चित्रं. पंचेचाळीसचा झाला तू, घरी वाढती पोरगी आहे. बाबा असते तर…' आणखी पुष्कळ बोलले. प्र. म्हणत राहिला, 'हो दादा. हो.' पीठ हातावर वाळलं.

फोन ठेवून त्यानं हात धुतले. मग खोलीत गेला. पुऱ्या मी तळल्या.

इरानं जेवताना विचारलं, 'पापा, बड़े पापा को किसने भेजा?' मी पुऱ्यांचं ताट पुढे सरकवलं.

'किसी ने भेज दिया होगा बेटा,' प्र. म्हणाला. ताटाकडे पाहून.

३ फेब्रु., मंगळ.
प्र.नं शाळेले 'येत नाही' म्हणून कळवलं. व्हिडिओ काढून टाकला. विक्कीचे फोन उचलत नाही. माझी दोन पानं शर्टाच्या खिशात होती, तशीच धुण्यात गेली. लगदा झाला.

मले हेच पाहिजे होतं ना? काल लॅबमध्ये दिवसभर वाटलं, हो, हेच. आज नाही वाटत. आज काहीच नाही वाटत. एका आजोबांले दोनदा टोचावं लागलं.

८ फेब्रु., रविवार
नवा भाग आला. मी लावला. शीर्षकगीत सुरू झालं तसा प्र. उठला अन् गच्चीवर गेला. वाळत घातलेले कपडे उगीच उलटे-सुलटे करून राहिला.

आता टीव्ही माझा आहे. पूर्ण माझा. मधेच बंद केला.

१० फेब्रु., मंगळ.
प्र.ची सुट्टी. दुपारी मी मेथी निवडत होती. समोर येऊन बसला, एक जुडी ओढली.

'तूच पाठवला ना दादाले.'

'हो.'

'दादानं दुसऱ्या दिवशीच सांगितलं. तुझ्या बायकोलेच लाज वाटून राहिली म्हणे.'

'मग इतके दिवस बोलले काहून नाही?'

'काय बोलू?' तो पानं खुडत राहिला. 'जगात एका माणसासमोर मी ते मोकळ्यानं पाहत होतो. तिलेच लाज वाटत होती, मग काय बोलू.'

कोणी कानाखाली मारलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मी म्हटलं, 'लाज नाही वाटली. जळली मी.'

'कशाले?' त्याले खरंच कळलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं. त्याचाच मले आणखी राग आला.

'बैंजनीचं ते बोलणं माझं होतं. अपनी सोच म्हटलं तुम्ही. पाच वर्षं पाहते मी, याच घरात, तुमच्यासमोर. तुम्ही हसले, पोरीनं तोंड वाकडं केलं. तुम्ही दोन महिने पाहिलं अन् शूरवीर झाले!'

'ते तर घरातलंच आहे ना. तुझं-माझं काय त्यात?'

घरातलंच. म्हणजे त्याचं.

मग तो उठला अन् हेल्मेट घेऊन आला. 'शूरवीर म्हणते. हे पाह्य.' पुढच्या बाजूले डिंकाचे चार-पाच गोल डाग. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी टिकली चिकटवली. त्यानं काढली, दुसऱ्या दिवशी दुसरी. गेटवर शिरला की पोरं ओरडतात, भाभीजी आ गईं. 'मी हसतो. काय करू. हसलं की सोडतात लवकर.'

मले एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

मग जे सांगितलं ते अठरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. तेव्हा रायपुरातच गुढियारी मोहल्ल्यात राहत होते हे लोक. प्र. आठ वर्षांचा. शेजारच्या मुलींबरोबर भातुकली खेळायचा, चिमुकल्या चुलीवर खोटा भात. दादांनी पाहिलं, कान धरून पूर्ण गल्लीतून ओढत नेलं, बाबांसमोर उभं केलं. हातातल्या झाऱ्यासकट. 'पुन्हा कधी त्या मुलींकडे पाहिलं नाही मी. त्या हाका मारायच्या.'

मेथी निवडून झाली होती. मी देठं कागदात गुंडाळली.

वाईट वाटलं. फार वाटलं. मी त्याचा हात धरला, म्हटलं, 'चुकली मी. दादांले नव्हतं पाठवायचं.' पण इथे खरं लिहिते: जळणं गेलं नाही. त्याची भातुकली मोडली, म्हणून त्याच्याजवळ सांगायले गोष्ट आहे. माझी कोणी मोडली नाही. मी दहा वर्षांची असताना आई आजारी पडली अन् भातुकलीच खरी झाली. खरा स्टो, खऱ्या पोळ्या, दोन भावांचे डबे. सगळे म्हणाले, पोरगी किती हुशार. यात रडण्यासारखं काय आहे, सांगता येत नाही मले. म्हणून मी हरिणी पाहते.

हे त्याले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही घरातलंच झालं असतं.

१३ फेब्रु., शुक्र.
बोलतो आम्ही. मीठ दे, गॅस संपला, इराची फी भरली का. प्र. दुसऱ्या खोलीत झोपत नाही, तेवढं आहे.

१८ फेब्रु., बुध.
विक्कीचा मेसेज, मले. 'भाभी, भैया का फोन नहीं लग रहा. इस संडे वो नहीं आएँगे तो मीट कैंसिल कर दूँ?'

संध्याकाळी गायत्रीचा फोन. कारखान्यातून सुटली होती, मागे गाड्यांचा आवाज. 'आंटी, आप बोलो न उस दिन. बैंजनी पे.'

'मले कोण ऐकते.'

'मैं हूँ न. और दो लड़कियाँ ला रही हूँ पैकिंग से, वो भी देखती हैं. छुप के.'

२१ फेब्रु., शनि.
विक्कीले लिहिलं, 'कैंसिल मत करो. मैं आऊँगी. बैंजनी पर मैं बोलूँगी.'

लगेच उत्तर: 'जी भाभी ज़रूर. भैया भी आएँगे न?'

प्र.ले दाखवला मेसेज. वाचला, फोन परत दिला. 'जाय तू. चांगलं बोलशील.' चेहरा वाचता आला नाही. मले वाटलं तो पण थोडा जळला असेल. वाटलं, जळू दे. मग लाज वाटली.

२२ फेब्रु., रविवार
चार वाजताची मीट. इरा सकाळपासून मागे मागे. 'मम्मी, सच में बोलोगी? लोग हँसे तो?'

'पापावर हसले तेव्हा?'

'पापा का अलग है. पापा तो…' पुढे तिलेच सापडलं नाही. थोड्या वेळानं, 'वो बैंगनी कुर्ता मत पहनना, बहुत ज़्यादा हो जाएगा.' तोच घातला.

काय बोलायचं ते कागदावर लिहिलं नाही यावेळी. लिहिलेलं हातातून जाते.

केस विंचरत होती तर प्र. दारात. 'मी येऊ?'

मी वेणी घालायले घेतली.

'मागे बसीन. एक शब्द बोलणार नाही. कोणी विचारलं तर सांगीन, तुझं होतं म्हणून.'

हेच ऐकायचं होतं मले, महिनाभर. अन् ऐकलं तर काय वाटलं? तो उठून सांगेल, तिचं होतं. सगळे त्याच्यासाठी टाळ्या वाजवतील. किती मोठं मन भैयांचं. तो मागे बसला तरी सगळे मागेच वळून पाहतील.

नको म्हटलं तर तो घरी राहील. टीव्ही बंद, गच्चीवर कपडे उलटे-सुलटे. दादा म्हणाले तेच खरं झाल्यासारखं. तेही मीच केलेलं.

'पाच मिनिटं द्या,' म्हटलं अन् इथे येऊन लिहून राहिली. साडेतीन झाले. गायत्रीचा मेसेज आला, तिघी पोहोचल्या, पुढची खुर्ची धरून ठेवली आहे.

प्र. अजून दारात उभा आहे. बूट हातात, घातले नाहीत. मी काय म्हणते ते पाहून राहिला.